काळजी हे कारण नाही

कोणी मागे येऊन उभं राहिलं की ते आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पंजा ठेवायचे आणि मग मान वळवून विचारायचे, "कारण?"

पांडेसऱ्यातल्या आमच्या हॉस्पिटलात ते रेकॉर्ड सांभाळत. मी हेड सिस्टर. पेशंटची फाईल उघडायची तर आधी कॉम्प्युटरवर कारण लिहावं लागे. कोणी कोणाची फाईल उघडली आणि का, याची यादी ते रोज सकाळी चहाबरोबर वाचत, लोक पेपर वाचतात तशी. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. त्याला टाळायला आपण लांबच्या जिन्याने जातो.

एकदा खुद्द मालक डॉक्टरांनी ओळखीच्या व्यापाऱ्याची फाईल मागितली.

"कारण?"

"अरे भाई, हॉस्पिटल माझं आहे."

"ते बिल्डिंगचं झालं, साहेब. फाईलचं सांगा."

साहेब निघून गेले.

मग फाईली राखणाऱ्या त्यांनाच भरती व्हावं लागलं. हृदय निम्मंच चालत होतं. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर. व्याही गोडादऱ्याचे, आणि आमचा अर्धा स्टाफही गोडादऱ्यातच राहणारा. सगळी खान्देशातून इथे कामाला आलेली माणसं. एका गल्लीत कोणी शिंकलं की दुसऱ्या गल्लीत काढा उकळतो. बाप टिकत नाही, उद्या आईही जावयाच्या गळ्यात पडेल, असं म्हणून व्याही लग्न मोडतील, ही त्यांना धास्ती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉटवरच यादी मागवली. त्यांची फाईल सदतीस जणांनी उघडली होती. त्यात लिफ्टवालाही होता. त्याला पासवर्ड कोणी दिला हे आजवर कळलेलं नाही.

एकेकाला बोलावणं आलं. मलाही.

"सिस्टर, तुमचा वॉर्ड वेगळा. कारण लिहिलंय 'काळजी'."

"वाटली म्हणून लिहिलं."

"काळजी हे कारण नाही." त्यांनी ऑक्सिजनची नळी सरळ केली. रागावले की ते अहिराणीत घसरत. "सदतीस नावं मन्ही उशीखाल शेतस. बातमी गोडादऱ्यात पोचली तर..."

पुढे दम पुरला नाही. गरजही नव्हती.

बातमी पोचली नाही. लग्नाला आम्ही सदतीसच्या सदतीस गेलो, काहीच माहीत नसल्यासारखे. ते उभे राहिले की चारी बाजूंनी खुर्च्या येत. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्यांच्याभोवती नऊ खुर्च्या होत्या, आणि ते उभेच. जेवताना त्यांच्या ताटातला खारट पापड लिफ्टवाल्याने न विचारता उचलून खाल्ला.

व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, हे हॉस्पिटलात फार मोठे साहेब आहेत का?"

"फार मोठे," मी म्हणाले.

चार महिन्यांनी ते गेले, माझ्याच वॉर्डात. वेळ नोंदवून फाईल बंद करणं माझं काम. कॉम्प्युटरने कारण विचारलं. मी लिहिलं, 'फाईल बंद करणे'. त्यांनी एका शब्दाने अडवलं नसतं असं माझं ते पहिलंच कारण.

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी यादी निघाली. चहावाल्याने सवयीने शेजारी कप ठेवला. संध्याकाळी मी तिथून गेले तेव्हा चहावर साय धरली होती, आणि यादी कोणी उलटलीही नव्हती.