सानिकाचे दात आणि कट्ट्यावरचे फुकटे डॉक्टर

मंडळी, आज सकाळी दूधकट्ट्यावर माझ्या पोरीचा अपमान झाला, म्हणून हे ग्रुपवर लिहितोय.

सानिका पंधरा वर्षांची आहे. म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आम्ही दोघं रोज कट्ट्यावर जातो. आज ती हसली आणि गल्लीतले एक काका सगळ्यांसमोर ओरडले, "पोरीला दूध देत न्हाईस व्हय रं? दातावर पांढरं डाग पडल्यात की! लिंबू-मीठ घास."

"काका, तिच्या हातातला गिलास दिसंना व्हय तुम्हाला?" मी विचारलं. चौघं हसले, पण पोरीलाच. तिनं तोंडावर हात धरला.

आता नीट वाचा. मी मोटर रिवाइंडिंग करतो, डॉक्टर नाही. पण दातांच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलंय. लहानपणी ती टूथपेस्ट गोड लागते म्हणून गिळायची, आणि ब्रशभर पेस्ट मीच लावून द्यायचो. हिरडीखाली दात तयार होत असताना पेस्टमधलं फ्लोराइड पोटात जास्त गेलं, म्हणून डाग घेऊनच दात उगवले. चूक माझी आहे, दुधाची नाही. काही पोरांत लहानपणचं मोठं आजारपण किंवा दुधाच्या दाताला बसलेला मार हे कारण असतं. हिरडीलगत खडूसारखा नवा डाग दिसला तर कीड सुरू झालेली असू शकते, तो दाखवून घ्या. लिंबानं मात्र दाताचं कवचच झिजतं.

घरी येताना सानिका म्हणाली, "पप्पा, उद्यापासनं मी न्हाय येणार."

हसलेले चौघंही ह्याच ग्रुपात आहेत. तिच्यासमोर उभं राहून 'चुकलं' म्हणायला तुमच्यातलं कोण येतंय?