वाफ बघायला लखनऊला

हिला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला घरी ये म्हणून फोन केला, तर पोरगी म्हणाली, "आबा, जमणार नाही. दुर्बिणीवर नंबर लागायला अर्ज करायचाय." आईचं श्राद्ध काय, होतच असतं! मी चौथीतून शाळा सोडलेला, एवढं मोठं कारण मला कुठलं झेपायला? चटणीची बरणी पिशवीत टाकली आणि पुण्याहून लखनऊच्या गाडीत बसलो. अलकाला घेऊनच परतायचं ठरवून.

चारबाग स्टेशन राजवाड्यासारखं. बाहेर रिक्षावाला म्हणाला, "तशरीफ रखिए, बाबूजी (बसा)." इतकी अदब, की मला वाटलं फुकट नेतोय. अदब भाड्यात धरलेली असते, हे अलकाच्या 'महानगर' नावाच्या मोहल्ल्यात उतरताना कळलं.

अलका तिथं वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. खाली घरमालकीण, त्यांना सगळे चाची म्हणतात. दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर ताऱ्यांची चित्रं. आईचा फोटो एक नाही.

सकाळी खस्ता (कचोरीची कुरकुरीत बहीण) खाऊ घालून अलकानं मला तिच्या संस्थेत नेलं. कॉम्प्युटरवर वेडीवाकडी रेघ होती. दवाखान्यात हिच्या छातीला वायरी लावून काढायचे, तसली.

"हा नुकता जन्मलेला तारा, आबा. भोवती वायूची आणि धुळीची तबकडी. तिच्यातूनच पुढं ग्रह होतात."

"कुठाय तबकडी?"

"डोळ्यांना दिसत नाही. हा उष्णतेचा उजेड आहे. या रेघेच्या चढउतारावरून कळतं, की तिथं पाण्याची वाफ आहे."

न दिसणारा उजेड, न दिसणारी वाफ. पगार तेवढा दिसत असणार.

"मग अडलंय कुठं?"

"आपल्याच हवेत. इथंही वाफ आहे ना, तीच मधे येते. म्हणून शेजारचा एक साधा तारा बघायचा, ज्याच्याभोवती काहीच नाही. त्याच्यात दिसेल ती वाफ आपली. ती काढून टाकली, की उरते ती तिकडची."

"हुशार आहेस. मग अर्ज कर आणि चल घरी."

तिनं पडद्यावरची रेघ बंद केली. मग म्हणाली, "अर्जाचं निमित्त आहे, आबा. आई नसलेलं घर मला बघवत नाही."

"मग मी रोज काय बघतो?"



तिथी आली. शेवटी अलकाच्याच घराच्या गच्चीवर पान ठेवलं. अलकानं भरली वांगी केली होती, खारट. आईची लेक नव्हे, समुद्राची. कावळा काही येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून मी हात जोडले. "औषधं वेळेवर घेतो गं. तंबाखू सोडतो." नाही. माझ्या शब्दावर तिचा कधी विश्वास होता?

मग अलका पुढं झाली. "आई, दिवाळीला घरी येते. आबांजवळ."

टाकीवरून धप्पकन माकड उतरलं आणि पानासकट श्राद्ध घेऊन गेलं.

"अरे बाबूजी, डंडा उठाइए!" खालून चाची ओरडल्या.

"आबा, माकड चालतं का हो?"

"तुझ्या आईच्या दारातून कोण उपाशी गेलंय?"

अलका हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आईला पोचवलं तेव्हा जे रडली नव्हती, ते सगळं तिथं गच्चीवर.  माकड टाकीवर बसून पत्रावळ चाटत होतं.

परत एकटाच आलो. लेक आणायला गेलो, रिकामी बरणी घेऊन आलो.

कुलूप काढलं. हिचा पाट, खुंटीवरचं लुगडं, सगळं धुरकट दिसायला लागलं. मधे येते ती वाफ आपलीच असते, असं पोरगी म्हणाली होती. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लुगडं झटकून उन्हात टाकलं, जळमटं काढायला केरसुणी घेतली. दिवाळीला पोरगी येणार आहे. घर तिला बघवलं पाहिजे.