ब्लोअर बंद का होता

श्रावणातल्या एका रविवारी अप्पांनी मुरगुडात गाडी एका फाटकाच्या खांबाला घासली. कुणाला लागलं नाही. उजव्या हेडलाइटची रिंग निखळली आणि दारावर हातभर ओरखडा आला, एवढंच. अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, आणि सगळं आयुष्य उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करण्यात गेलेलं. घरी आले, चपला काढल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ब्लोअर बंद पडलाय. पावसात काच धुरकटती, म्होरलं काय दिसत न्हाय."

मला ते लगेच पटलं. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पावसात काचा वर केल्या की आतल्या माणसाच्या श्वासानंच पुढची काच पांढरी होते. ब्लोअर म्हणजे एक छोटा पंखा, तो खालून काचेवर वारा सोडतो आणि तो दमटपणा घालवतो. तोच बंद असेल तर एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं. त्यात कुणाचाही अंदाज चुकेल.

पुण्याच्या धाकट्या भावाला मात्र पटलं नाही. "ताई, किल्ली काढून घे आणि गाडी वीक," तो फोनवर म्हणाला. मला राग यायला वेळ लागत नाही. तिथं बसून शहाणपण शिकवू नकोस, बिघाड पंख्यात आहे, माणसात नाही, असं मी त्याला झाडलं. पंखा चालू करून दाखवते, मग बोल. तोही हट्टाला पेटला. पंखा चालू झाला आणि तेवढंच कारण निघालं तर परत गाडीचा विषय काढणार नाही, म्हणाला.

आई गेल्यापासून मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही दोघंच. आठवडाभर माझी शाळा, अप्पांचा वेळ तालमीच्या कट्ट्यावर जातो. रविवारी मात्र आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मुरगूडला थोरल्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या आत्याकडं जायचे. कुणाला न विचारता, स्वतःच्या हातानं गाठता येईल असं तेवढंच एक ठिकाण त्यांना उरलं होतं. ते काढून घ्यायचं म्हणजे जिवंत माणूस खुर्चीत बांधून ठेवायचा. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी आले आणि दुपारी आम्ही कामाला लागलो. गाडी बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये असते. अप्पांची कंबर आता वाकत नाही, म्हणून ते स्टुलावर बसले आणि टेस्टिंगचा बल्ब माझ्या हातात दिला. एक बल्ब, दोन वायरी. एक टोक गाडीच्या पत्र्याला लावायचं, दुसरं जिथं करंट तपासायचा तिथं. बल्ब लागला तर तिथवर करंट येतोय. मी शाळेत विज्ञानच शिकवते, पण अप्पांना त्याचं काडीचं कौतुक नाही.

"पुस्तकातला करंट येगळा आन् गाडीतला येगळा, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "आधी फ्यूज बघ."

फ्यूज बघितला, बल्ब लागला. मग डॅशबोर्डखाली उताणी पडून स्विच बघितला. तोंडावर कुठल्या कुठल्या काळातली धूळ पडली. स्विचच्या अलीकडं करंट होता, पलीकडंही होता.

"परत बघ. स्विच लई दगा देतोय ह्या गाडीचा."

परत बघितला. मग फ्यूज परत बघायला लावला, मग स्विच तिसऱ्यांदा. माझी मान आखडली, डोकं दोनदा पत्र्यावर आपटलं. स्विचमधून करंट पुढं जातोय म्हटल्यावर बिघाड पुढंच असणार, हे सातवीतलं पोरगंही सांगेल. आणि पुढं म्हणजे बॉनेटखाली, कारण पंख्याची मोटर तिकडं इंजिनमागच्या पत्र्याला बसवलेली आहे.

"बॉनेट उघडून बघूया," मी म्हटलं.

"तिकडं नगं. तिकडचं म्या बघितलंय परवा. मोटर जळलीया. आता ही मोटर कुठं मिळायची न्हाय. ऱ्हाऊ दे."

आता गंमत अशी, की हाच माणूस मला लहानपणापासून एक गोष्ट सांगत आलेला. दुसऱ्यानं तपासलंय म्हणून आपण सोडायचं नाही, मग तो दुसरा आपला बाप का असंना. मी म्हटलं, तुमचंच शिकवणं, अप्पा. आणि बॉनेट उचललं. ते बोळातून जाणाऱ्या रिक्षाकडं बघत बसले.

मोटरची वायर जोडातून सुटलेली होती. तुटली नव्हती, गंजली नव्हती, कुणीतरी सोडवली होती. दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली आणि टेपचा शेवट जरासा आत दुमडलेला. मी बरेच मेस्त्री बघितलेत, टेपचा शेवट असा दुमडणारा एकच. पुढं कुणाला उघडायची वेळ आली तर त्यानं नखानं टोक शोधत बसू नये, म्हणून. बाकी इंजिनावर तेल आणि धुळीचा थर, ती टेप तेवढी नवीकोरी.

मी टेप सोडली, टोकं जोडली, स्विच दाबला. पंखा घरघरला, काचेखालच्या फटीतून आधी पाचोळ्याचा चुरा उडाला आणि मग चांगला सणसणीत वारा आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तासभर मला खाली लोळवून मजा बघत होता का, इथपासून सुरुवात करून मी बरंच काही बोलले. बापाला बोलू नये तेही बोलले. अप्पा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उजव्या डोळ्यानं दिसत न्हाय मला," ते म्हणाले. "गेल्या गणपतीपास्नं."

"मग ब्लोअरनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" असं काहीतरी माझ्या तोंडातून गेलं.

"ब्लोअर चालू आसला की काच सोच्छ हुतीया. मग घासली कशी म्हणून लोकं इचारत्यात. धुरकटली म्हणलं की समदी काचंकडं बघत्यात. माझ्याकडं कोण बघत न्हाय."

मी गाडीला एक फेरी मारली. फाटकाचा ओरखडा उजवीकडं. त्याच्या आधीचे दोन बारके, तेही उजवीकडंच. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते. ताटातली उजवीकडची वाटी तशीच राहिली की अप्पा भूक नाही म्हणत होते, आणि मी वाटी उचलून ठेवत होते. खरं सांगायचं तर मला पंखाच बिघडलेला हवा होता. अप्पा मुरगूडला गेले की रविवार अख्खा माझा असायचा, डोक्यावरून पाणी घेऊन निवांत झोपायचं, कुणाला वाढायचं नाही. भावाला झाडताना वाटलं होतं, मी वडिलांची बाजू घेतेय. माझ्या रविवारची घेत होते. लाज वाटली, आणि अजून वाटते.

सोमवारी रजा टाकून त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळली होती. उजवा गेला तो येणार नाही, डावा रोजच्या थेंबांवर टिकेल, गाडी मात्र बंद. वर्षापूर्वी आला असता तर, असं म्हणून डॉक्टरबाई थांबल्या. येताना रिक्षात अप्पांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मला मागावी लागली नाही. भावाला फोन करून म्हटलं, तुझं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली. शहराबाहेर ती मी कधी नेली नव्हती. स्टिअरिंग जड, गेअर टाकायचा तर खांद्यातून जोर लावावा लागतो. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी डाव्या सीटवर बसले. कागलच्या पुढं पाऊस लागला. काचा वर केल्या, ब्लोअर लावला, समोरचा रस्ता लख्ख दिसायला लागला.

"वारा झकास यायलाय की," ते पुढं बघत म्हणाले. "गेअर बदल, इंजिन वरडायलंय."

मी गेअर बदलला आणि मला रडू कोसळलं. हुंदका गिळला, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. लहानपणी माझे डोळे नुसते भरले तरी अप्पा हातातलं काम टाकून, काय झालं गं, म्हणून विचारायचे. आता मी त्यांच्या उजवीकडं दोन वितींवर बसले होते, आणि ते समोर बघत, आत्यानं आज जेवायला काय केलं असंल ते सांगत राहिले.