चौकशीमावशी आणि लाल बटण

दवाखान्यात नोंदणीची खिडकी एकच, आणि तिच्यासमोर ही लांबलचक रांग. रांगेशेजारी स्टुलावर गेली एकवीस वर्षं जी बसते, तिला सगळे चौकशीमावशी म्हणतात. कागदोपत्री ती शिपाई. पण एक्स-रे आधी की तपासणी आधी, हे विचारायला माणसं खिडकी सोडून तिच्याकडेच येतात.

त्या दिवशी मात्र मावशीच्या तोंडाला कुलूप होतं. लावणारी तिची सख्खी भाची.

भाचीनं दवाखान्याची वेबसाइट बनवली होती. घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची सोय. पोरीचं पहिलंच मोठं काम! मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रांगेतल्या तिघांनी कुणाच्या मदतीशिवाय वेळ घेऊन दाखवली तर सुरू करू. नाहीतर काम दुसऱ्याला." चार वाजता ते स्वतः बघायला येणार होते. म्हणून भाचीनं अकरालाच रंगीत तालीम ठेवली.

"मावशी, तू एक अक्षर बोलायचं नाहीस हं."

"अगं, मला बोलायचाच पगार मिळतो!"

"म्हणूनच सांगतेय."

पहिली बाई फोन घेऊन बसली. पडद्यावर 'विभाग निवडा', खाली अस्थिरोग, नेत्ररोग, त्वचारोग अशी यादी. बाईनं ती दोनदा वाचली. "माझा गुडघा दुखतोय हो. यात गुडघा कुठंय?" मावशीच्या ओठांवर उत्तर आलं, ते तिनं गिळलं.

दुसरे आजोबा कसेबसे शेवटपर्यंत पोचले आणि त्यांनी ठसठशीत लाल बटण दाबलं. झालं, सगळं पुसलं! त्यावर 'रद्द करा' लिहिलेलं. तिसरीनंही लालच दाबलं.

भाची रडकुंडीला आली. "वाचत कशी नाहीत गं माणसं?"

"आता बोलू?"

"बोल बाई, बोल!"

मावशीनं तिला हाताला धरून वॉर्डात नेलं. प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीवर एक लाल बटण. दाबलं की नर्स धावत येते.

"आमच्या माणसांना लाल म्हणजे 'या, मला मदत करा'. अडलं की हात तिकडेच जातो. तुझं लाल दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि तेच त्यांचं काम बुडवतं. खरं बटण बिचारं कोपऱ्यात, करडं, रुसल्यासारखं."

भाचीला रडता रडता हसू आलं. "आणि यादी?"

"एकवीस वर्षांत मला कुणी अस्थिरोग विचारलेला नाही. मी आधी विचारते, काय दुखतंय? तूही तेच विचार. आणि एका वेळी एकच विचार, चार गोष्टी एकदम विचारल्या की माणूस गांगरतो."

मग काय! नर्सांच्या खोलीतल्या टेबलावर दोघी बसल्या. मावशी सांगतेय, भाचीची बोटं लॅपटॉपवर पळतायत. जेवणाचे डबे तसेच राहिले. मावशीला तर कधी एकदा चार वाजतात असं झालं होतं.

चार वाजता मोठे डॉक्टर आले. "तुमचे फोन नकोत," म्हणत त्यांनी स्वतःचाच पुढे केला. नव्या तिघांपैकी दोघांना जमलं. तिसरे काका जाड चष्म्याचे, बायकोला सोबत घेऊन आलेले. "मला हे मोबाईलचं येत नाही, आधीच सांगतो."

मावशीनं हात पाठीमागे घट्ट धरले. देवा, माझी जीभ आवर.

'काय दुखतंय?' काकांनी गुडघ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. वार निवडला. वेळ निवडली. आता खाली एकच रुंद हिरवं बटण होतं, 'हो, हीच वेळ द्या'.

"दाबू का हो ताई?"

मावशी छताकडे बघत राहिली.

काकांनी दाबलं. "सोमवार, सव्वादहा, खोली सात!" त्यांनी असं मोठ्यानं वाचलं की अख्ख्या रांगेनं माना वळवल्या.

"उद्यापासून सुरू करा," डॉक्टर म्हणाले आणि फोनसाठी त्यांनी हात पुढे केला.

काकांनी वर बघितलंसुद्धा नाही. "थांबा हो जरा. हिच्या डोळ्यांचीपण वेळ घेऊन टाकतो."