उंदीर मारेपर्यंत

भाजीवाली कुणालाच नावानं हाक मारत नसे. मी तिची ‘बाय’, तिचा मुलगा ‘तो’, आणि आमच्या कुंपणावर येऊन बसणारा कानतुटका बोकाही ‘तो’च. जवळच्या वांगणी गावाहून सकाळच्या जीपनं जव्हारला यायची, टोपली आमच्या ओट्यावर टेकवायची आणि आधी कुंपणाकडे बघायची. भाजीचं नंतर.

चार वर्षांपूर्वी एक मांजरी जीपखाली गेली आणि तिची तीन पिल्लं मी घरी आणली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची, म्हणजे अगदीच पोरसवदा. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून सर्वज्ञ झालेली. पहिल्याच दिवशी तिघांची नावं ठेवली, बाटलीनं दूध पाजलं, शेजारणींना फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोती गेला.

भाजीवालीनं उरलेल्या दोघांच्या पोटाला हात लावला. “गार पोटात दूध घातलंस, बाय. आधी ऊब. मग दूध. आन् आय चाटायची तवा पिल्लं मुतायची. आता कोण चाटंल? तू?”

मी घाईघाईनं ओला कापूस पुढे केला. ती हसली. एवढ्या ओळखीत पहिल्यांदाच.

“नावानं हाक नको मारू. अजून लहान हायेत. आयकतात.”

“कोण ऐकतं?”

तिनं कुंपणाकडे पाहिलं. मी पडले निवृत्त शिक्षिका! तिथंच अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं आणि प्रात्यक्षिक म्हणून “सोनू, सोनू” अशा दोन हाका मारून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी सोनूच्या जागी नुसतं फडकं होतं. कुंपणावर बसून बोका सावकाश पंजा चाटत होता.

तिसरं पिल्लू तिनं पदराच्या झोळीत पोटाशी बांधलं आणि बाजारात नेलं. मग रोजच नेऊ लागली. दुपारनंतर माझी पाळी. त्याला पोटाशी बांधून मी भाकऱ्या थापायचे. पहिल्या दिवशी ठेवलेलं नाव मी मोडीत काढलं होतं.

“तुला मुलं किती गं?” मी एकदा विचारलं.

“नाव ठेवस्तवर जगला तो एक.”

त्या दिवशी मी घासाघीस न करता भाजी घेतली. असं क्वचित घडतं, हे घरचे सांगतील.

दिवाळीनंतर ती मुलाबरोबर पावसाळा लागेपर्यंत वीटभट्टीवर निघाली. पिल्लू तोवर भात खायला लागलं होतं.

“आता ठेवू नाव?”

“उंदीर मारू दे. मग मी येऊन ठेवीन. तवर गप रा.”

पावसाळ्यात वांगणीची कंटोळी आली, दुसऱ्या बायकांच्या डोक्यावरून. एकीला विचारलं, “ती कुठंय?” तिनं कुंपणाकडे पाहिलं आणि टोपली उचलली. मी पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षी नाही, त्यानंतरही नाही.

पिल्लाची मांजरी झाली; तिनं तेव्हापासून किती उंदीर मारले! परवा लस टोचायला नेली, तर कार्डावर नावाची जागा. सून म्हणाली, “आई, चार वर्षं झाली. काहीतरी लिहिते हं.”

मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. “थांब. ती येऊन ठेवणार आहे.”

दवाखान्यालाही कुंपण होतं. ते मी आत शिरतानाच बघून ठेवलं होतं.