जागेवरच रेस द्या

"महादेव, ती पिवळी बत्ती आज पण हाय. विझंना गेली."

फोनवर रशीदचाचा होते, तेरखेड्याचे फटाकेवाले. मी धाराशिवच्या शोरूममध्ये एका नव्या जोडप्याला सनरूफ उघडून दाखवत होतो. त्यांना हातानंच थांबा म्हणालो आणि बाजूला गेलो.

"कसली बत्ती, चाचा?"

"सायलेन्सरचं चित्र हाय बघ, आन त्यात ठिपके. गाडी आता जोरच धरंना. नवीकोरी गाडी रे, तीन महिने न्हाय झाले."

मला बघायची गरज नव्हती. मीटरवरची ती बत्ती डीपीएफची होती. नव्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तिथं अडकते. गाडी मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळाली की गाळणी भट्टीसारखी तापते आणि काजळी आतल्या आत जळून जाते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होत असेल, तर गाळणी तापतच नाही. तुंबते. मग बत्ती लागते.

चाचांची गाडी रोज घरापासून कारखान्यापर्यंत तीन किलोमीटर जायची आणि संध्याकाळी तीन किलोमीटर परत यायची. हे मला गाडी विकायच्या आधीपासून माहीत होतं.

चाचा गाडी घ्यायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यात डिझेलच होतं. आमच्या भागात डिझेलची इज्जतच वेगळी. चाचांनी पेट्रोलची गाडी चालू करून बघितली आणि हसले. "ही गाडी हाय का शिलाई मशीन?" मग डिझेल चालू केली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्येला म्हनतात आवाज."

तरी माणूस सावध होता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू बी.कॉम. हायस. आमी अंगठ्याच्या जवळची माणसं. तुझ्या बापाची गाडी असती तर कुठली घेतली असतीस?"

माझ्या घरात मी पहिला पदवीधर. हे कुणी बोलून दाखवलं की माझी छाती जरा पुढं येते, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी खरं उत्तर सोपं होतं. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा दीड लाखानं महाग. सर्व्हिसिंगही महाग. किलोमीटरमागं चार पैसे वाचतात, पण किलोमीटर झाले तर. चाचांच्या चालवण्यानं तो फरक भरून निघायला वीस वर्षं लागली असती.

मी केबिनमध्ये जाऊन मॅनेजरना म्हणालो, "सर, त्यांचं रनिंग फार कमी आहे. पेट्रोल देऊ का?"

"यार्डात किती डिझेल उभ्या आहेत?"

"दोन."

"महिना संपायला किती दिवस आहेत?"

"तीन."

"गिऱ्हाईक काय मागतंय?"

"डिझेल."

"मग तू कोण नाही म्हणणारा? जा, पेढे मागव."

मी बाहेर आलो आणि चाचांना म्हणालो, "डिझेलच घ्या चाचा. ताकदीची गाडी आहे." डीपीएफचं नावही काढलं नाही. डिलिव्हरीला हार, नारळ, चावीचा मोठा पुठ्ठा हातात धरून फोटो, सगळं झालं.

आता तेच चाचा फोनवर होते. गाडी वर्कशॉपला आली असती तर तक्रार नोंदली गेली असती. आणि त्याच आठवड्यात कंपनीकडून चाचांना सर्व्हेचा फोन जाणार होता. त्यात गिऱ्हाइकानं सेल्समनला दहापैकी नऊच्या खाली मार्क दिले तर तो नापास. इन्सेंटिव्ह जातो, मीटिंगमध्ये नाव निघतं. मला बत्ती फोनवरच विझवायची होती.

"चाचा, गाडी हायवेवर काढा. वीस मिनिटं साठच्या स्पीडनं पळवा. विझेल."

"आत्ता? दिवाळीचा माल चाललाय बाबा. कारखाना सोडून कुठं हिंडू?"

वर्कशॉपमध्ये मेकॅनिक गाडी उभी ठेवून गाळणी साफ करतात, ते मी बघितलं होतं. ते सिमेंटच्या फरशीवर करतात, कॉम्प्युटर जोडून, शेजारी माणूस उभा ठेवून. हे सगळं मी गाळलं.

"मग जागेवरच रेस द्या, चाचा. न्यूट्रलला ठेवा आणि रेस धरून बसा वीस मिनिटं."

"हितंच? गेटपाशी?"

जोडपं माझ्याकडं बघत होतं. "हां, तिथंच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पाऊण तासानं पुन्हा फोन आला. "महादेव, गाडीखाली जाळ लागला."

मोटारसायकलवर तेरखेड्यापर्यंत जाताना मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. फटाक्याचा कारखाना होता तो.

पोचलो तेव्हा जाळ विझलेला होता. गाडी गेटजवळ लिंबाखाली उभी. खालचं वाळलं गवत आणि खोक्यांच्या कागदाची कातरणं जळून काळी झालेली. बंपर वितळून लोंबत होता, वायरिंग गेलं होतं. तिथून तीस पावलांवर पॅकिंगचं शेड. शेडमध्ये नऊ बाया आणि भरलेली खोकी.

चाचा बाजेवर बसले होते. मला बघून उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"तू बरोबर सांगितलं होतंस रे," ते म्हणाले. "जागा माझी चुकली. आन त्या सुमननं कचरा झाडला नव्हता."

सुमनबाई पॅकिंगला होत्या, अकरा वर्षं. गेटजवळचं झाडणं त्यांच्याकडं. जाळ पहिल्यांदा त्यांनीच बघितला होता आणि लाल बादल्यांतली वाळू ओतून त्यांनीच विझवला होता. चाचांनी त्यांना तासाभरापूर्वी कामावरून काढलं होतं.

चाचांच्या कारखान्यात एक नियम आहे. आगीची चूक ज्याची, तो त्याच दिवशी गेटबाहेर. परत घ्यायचं नाही, कुणी रदबदली करायची नाही. सख्ख्या भाच्याच्या खिशात काडेपेटी सापडली, तर त्यालाही असंच काढलं होतं. त्या धंद्यात दुसरी संधी देणारा फार दिवस टिकत नाही.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. चाचा, रेस द्यायला सांगणं हीच चूक होती, गाडी विकणं ही त्याआधीची. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, चाचा. इन्शुरन्समधून करून देतो." चहा प्यायलो आणि निघालो.

पाच दिवसांनी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी सर्व्हेचा कागद वाचला. "रशीदचाचांनी महादेवला दहापैकी दहा दिलेत. शेरा ऐका. पोरगा शिकलेला आहे, फोनवर पण मदत करतो. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून उभा होतो. सगळ्यांना वाटलं लाजलो.

दुपारी रजा टाकली आणि तेरखेड्याला गेलो. चाचांना उभ्यानंच सगळं सांगितलं. गाळणी काय असते, ती किती तापते, मला आधीपासून काय माहीत होतं, यार्डातल्या दोन गाड्या, सर्व्हे. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे ती जागा साफ असती तरी तू सांगितलेलं चुकीचंच होतं?"

"हो, चाचा. तुमच्या कारखान्यात तर चुकीचंच."

चाचा बाजेवरून उठले. मग चप्पल घातली. "मला सांगून काय उपेग? म्या तिला समद्यांसमोर काढलंय. चल, तिला सांग."

सुमनबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. शेजारच्या दोघी बसल्या होत्या, त्या उठायला लागल्या. चाचांनी त्यांना उठू दिलं नाही. मी त्या तिघींसमोर पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाई, चूक माझी होती. तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"तुमी फोनवर सांगायलता तवा मी तितंच हुते," त्या म्हणाल्या. "चाचांला म्हनले, हितं कागुद पडलाय, हितं नगा रेस करू. चाचा म्हनले, गप बस, शिकलेला मानूस सांगायलाय."

मी चाचांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. "व्हय," ते म्हणाले. "असंच म्हनलो म्या."

"मंग आता?" सुमनबाईंनी विचारलं.

"उद्यापासनं ये," चाचा म्हणाले. "आन ह्या पाच दिवसांचा रोज लावून घे."

"येते. पर गेटपाशी आता गाडी लागनार न्हाय. कुनाचीच."

"न्हाय लागनार."

परत येताना चाचा वाटेत एवढंच बोलले, "नियम तुला पण हाय, महादेव. कारखान्यात पाय टाकू नको." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. इन्शुरन्सच्या कागदांवर सह्या घ्यायला मी नंतर दोनदा गेलो, गेटबाहेर उभा राहिलो. कागद आत न्यायला आणि आणून द्यायला सुमनबाई आल्या.

गाडी दुरुस्त झाली. चाचांनी ती तोट्यात विकली आणि पेट्रोलची घेतली, बीडच्या शोरूममधून. मॅनेजरना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दहा मार्क तर राहिले ना?" राहिले. इन्सेंटिव्हही जमा झाला. ते पैसे मी सुमनबाईंना द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत.

मी अजून गाड्याच विकतो. डिझेल मागणाऱ्याला आधी विचारतो की रोज किती चालवता आणि उभी कुठं करता. त्यात दोन-चार गिऱ्हाइकं गेली, मॅनेजर चिडतात. फोनवर कुणी गाडीचं विचारलं तर सांगायच्या आधी विचारतो, तुमच्या शेजारी कोण उभं आहे, आणि ते काय म्हणतंय.