नव्या किती, विकतच्या किती

वीज कंपन्यांचे वार्षिक अहवाल दुपारच्या जेवणानंतर, तोंडात लवंग धरून, रहस्यकथा वाचावी तसे वाचणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि नेमका तोच माझ्या मावशीच्या वाट्याला आला. काका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. अहवाल घरपोच यावेत एवढ्यासाठी त्यांनी चार कंपन्यांचा प्रत्येकी एक शेअर घेतला होता. पण 'आपली कंपनी' म्हणताना आवाज असा लागायचा की नवख्या पाहुण्याने उठून उभंच राहावं.

नफातोट्याची पानं ते न वाचताच उलटत. वारा आणि ऊन यांच्यापासून नवी वीज करायला कोण किती पैसा घालतंय, एवढंच ते शोधायचे. मग परीक्षेच्या जुन्या तक्त्यावर कंपन्यांना गुण पडायचे आणि लाल शाईने शेरे: 'हुशार, पण आळशी', 'नुसत्या गप्पा'. माझ्या साखरपुड्यात, माझे होणारे सासरे त्यातल्याच एका कंपनीत नोकरीला आहेत असं कळल्यावर काकांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच सांगितलं, "यंदा काठावर पास आहात." सासरे पुढे आठवडाभर मला याचा अर्थ विचारत होते.

मावशी वैतागायची. "आपल्या घरात कुणाची वीज यावी, हे तुम्हाला कोण विचारतंय?"

"आज नाही विचारत. उद्या विचारलं तर उत्तर तयार नको?"

एका वर्षी एका कंपनीने एकदम चाळीस नव्या पवनचक्क्या दाखवल्या. पहिला नंबर तिचाच होता, पण एकाच वर्षात इतक्या कशा, म्हणून गुण लिहायला काकांचा हात धजेना. शेवटी मला बरोबर घेऊन ते एसटीने साक्रीकडच्या पठारावर गेले. आम्ही उन्हात फिरून मोजल्या. बरोबर चाळीस भरल्या. काका खूश झाले आणि शेळ्या चारणाऱ्या एका बाईंना सहज म्हणाले, "बरीच कामं झाली हो तुमच्याकडे यंदा."

"त्या टेकडीवरन्या जुन्याच शेतस," बाई म्हणाल्या. "नाव तेवढं नवं टाकं."

जुन्याच आहेत, नुसतं मालकाचं नाव बदललंय, हे कळल्यावर काका तिथेच दगडावर बसले. दुसऱ्याची चक्की विकत घेऊन ती नवी म्हणून दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी शेजारच्याच्या वहीतून उतरवलेलं गणित होतं. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मग ते मुंबईला वार्षिक सभेला गेले. शेअर किती, असं कुणीतरी विचारलं. "एक," काका म्हणाले, आणि सभागृह हसलं. हसू ओसरेपर्यंत ते शांत उभे राहिले. वर्गात त्यांनी तेच केलं असतं. मग त्यांनी विचारलं, "चाळिसातल्या नव्या किती आणि विकतच्या किती?" अध्यक्षांनी तो प्रश्न लिहून घेतला. पुढच्या अहवालात दोन वेगळे रकाने आले. ते पान काकांनी गल्लीतल्या प्रत्येक घरात दाखवलं. दूधवाल्यालाही दाखवलं.

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि अहवाल वाचून दाखवायचं काम मावशीकडे आलं. मध्यंतरी गेलो तेव्हा दोघं गॅलरीत बसली होती. मी मावशीच्या मागे उभा राहून पाहिलं. त्याच कंपनीचा अहवाल होता आणि नव्याच्या रकान्यात शून्य होतं.

मावशीने त्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नव्या बारा."

"वा," काका म्हणाले. "पोरं सुधारतायत."

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पान उलटलं.